बिनसुईचं इंजेक्शन: केलॉइडला चालेल, ओठांना नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. छातीवर केलॉइड आहे, म्हणजे जखमेच्या व्रणाची वाढत जाणारी टणक गाठ, तीन वर्षं झाली हळूहळू वाढतोय, खाजतो, आणि सुईची भीती इतकी की नुसतं रक्त द्यायला गेलं तरी चक्कर येते. एका क्लिनिकमध्ये सांगितलंय की आमच्याकडे बिनसुईचं इंजेक्शन आहे, अजिबात दुखत नाही, तर ते घ्यावं का. आणि त्याला जोडूनच दुसरा प्रश्न, की बहिणीला एका पार्लरमध्ये पेनसारख्या यंत्राने सुई न टोचता ओठ भरून देतो म्हणालेत, तंत्र तेच आहे तर करायला काय हरकत आहे.

तंत्र तेच आहे, बरोबर. तरी पहिल्याला माझं उत्तर हो आहे आणि दुसऱ्याला नाही. आणि "अजिबात दुखत नाही" हे दोन्हीकडे खोटं आहे, ते आधीच सांगून टाकते.

आता हे चालतं कसं ते बघा. आत एक स्प्रिंग असते किंवा दाबलेला गॅस असतो, बटण दाबलं की तो पिस्टनला जोरात ढकलतो आणि औषध पुढच्या बारीक भोकातून बाहेर पडतं. ते भोक साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरचं. तुलनेला म्हणून, आम्ही चेहऱ्याला जी ३० गेजची बारीक सुई वापरतो ती बाहेरून साधारण ०.३ मिलिमीटर जाड असते, म्हणजे ही धार सुईपेक्षाही बारीक. वेग सेकंदाला १०० मीटरच्या पुढे. या वेगाने आलेलं पाणीसुद्धा चामडी भेदून आत जातं. सुई नाहीये म्हणतात ते अर्धंच खरं आहे, कारण इथे औषधाची धारच सुईचं काम करते. पहिल्या काही मिलिसेकंदात ती चामडीला भोक पाडते, मग तिचा जोर कमी होतो आणि उरलेलं औषध आत चहूबाजूंनी पसरतं, उघडलेल्या छत्रीसारखं.

हे पसरणं लक्षात ठेवा, सगळी गोम त्यात आहे.

सुईने देताना टोक कुठे आहे ते मला कळतं. बोटाला कळतं, कुठल्या थरात शिरलं, कुठे अडलं, कुठे सैल लागलं. एकेक थेंब सोडता येतो, चामडी पांढरी पडायला लागली तर तिथल्या तिथे थांबता येतं. जेटमध्ये, म्हणजे या धारेच्या यंत्रात, बटण दाबलं की माझं काम संपलं. औषध किती खोल जाणार हे यंत्राचं प्रेशर, भोकाचा आकार, यंत्र चामडीपासून किती लांब धरलंय आणि समोरची चामडी किती जाड आणि किती टणक आहे, या सगळ्यावर ठरतं, आणि यातली शेवटची गोष्ट तर माणसागणिक नाही, एकाच माणसाच्या शरीरावर चार बोटांवर बदलते. पापणीची चामडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, पाठीची त्याच्या कितीतरी पट. म्हणून माझा साधा हिशोब असा, की औषध पसरवायचं असेल तिथे जेट चांगला, आणि नेमक्या जागी नेऊन ठेवायचं असेल तिथे सुई.

केलॉइडमध्ये आपल्याला पसरवायचंच असतं. आणि केलॉइडमध्ये सुईने औषध देणं काय प्रकार आहे हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. आत सगळं कोलॅजन ठासून भरलेलं, कडक रबरात औषध भरायचा प्रयत्न करावा तसं. सिरिंज दोन्ही अंगठ्यांनी दाबावी लागते, पेशंट दात-ओठ खातो, आणि मध्येच सुई सिरिंजवरून सटकून औषध थेट डॉक्टरच्या चष्म्यावर. (लॉकवाली सिरिंज घ्यायची हे आम्ही सगळे असेच शिकलो.) म्हणजे त्यात दुखतं ते टोचल्यामुळे कमी आणि आत दाब वाढल्यामुळे जास्त. जेटचा इथे फायदा हा की जोर यंत्र लावतं आणि त्या घट्ट गाठीतही औषध त्यातल्या त्यात सारखं पसरतं.

औषध बहुतेक वेळा ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड, केलॉइडसाठी मिलिलिटरला १० ते ४० मिलिग्रॅम या ताकदीचं. ते दुधासारखं पांढरं असतं आणि ठेवलं की खाली बसतं, म्हणून भरायच्या आधी नीट हलवावं लागतं, नाहीतर पहिल्या शॉटला नुसतं पाणी जातं आणि शेवटी नोजल चोंदतं. जुन्या स्प्रिंगच्या धातूच्या यंत्रात एका शॉटला ०.१ मिलिलिटरच्या आसपास जातं. म्हणजे केलॉइड मोठा असेल तर एका बैठकीत आठ-दहा शॉट सहज लागतात, आणि अशा बैठका ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने बऱ्याच. एकदा केलं आणि झालं, असा हा आजार नाही, कुणी तसं सांगत असेल तर तिथून उठा.

शॉट नीट बसला का ते लगेच दिसतं. ठक् असा आवाज होतो आणि त्या जागी एक छोटा फिकट फुगवटा येतो, वर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे, मधोमध टाचणीच्या डोक्याहून लहान असा रक्ताचा ठिपका. हे दिसलं की औषध आत गेलं. पण फुगवटा न येता पांढरं पाणी केलॉइडवरून ओघळून खाली आलं तर तो शॉट ओला गेला असं आम्ही म्हणतो, म्हणजे औषध आत कमी आणि बाहेर जास्त. यंत्र तिरकं धरलं, टेकवताना फट राहिली, किंवा गाठ फारच टणक असली की असं होतं. पेशंटनेही हे बघावं असं मला वाटतं, आरसा धरायला हरकत नाही, कारण चारपैकी तीन शॉट ओले जात असतील तर पुढच्या महिन्यात "औषधाचा उपयोग नाही" असा निष्कर्ष निघतो आणि बिचाऱ्या औषधाचा काही दोष नसतो. फार टणक केलॉइडला मी आधी एकदोनदा क्रायो करून, म्हणजे अतिथंडीने गोठवून, मऊ करून घेते, मग जेट.

औषध गाठीच्या बाहेर, आजूबाजूच्या चांगल्या चामडीत गेलं तर ती जागा पातळ होते, खड्डा पडतो, रंग फिका पडतो. हे सुईनेही होतं, पण जेटला काठावर जास्त जपावं लागतं कारण छत्री किती उघडेल ते आपल्या हातात नसतं. केलॉइडच्या मध्यावर जेट आणि काठाला सुई असं मी बऱ्याचदा करते. तुम्हाला हे ऐकून घाम फुटला असेल तर काठ सोडून देऊ, काही बिघडत नाही.

आता दुखण्याबद्दल. जाड रबर बँड ताणून चामडीवर सोडल्यावर जसं चटकन लागतं तसं लागतं, आणि लगेच कमी होतं. मोठ्या केलॉइडला सुईपेक्षा हे बऱ्याच जणांना सोपं जातं, पण सगळ्यांना नाही. आणि आवाजाचं कुणी आधी सांगत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे, खांद्यावरचा केलॉइड, पेशंट माझ्यासारखीच बडबडी, मी बोलता बोलता न सांगता शॉट मारला, ती दचकली, खांदा सरकला, आणि धार आत शिरायच्या ऐवजी चामडी कापत गेली. कागदाच्या धारेने कापतं तशी एक सेंटिमीटरची बारीक चीर. टाका लागला नाही, पण केलॉइडवाल्या माणसाला नवीन जखम करणं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. तेव्हापासून मी पहिला शॉट नेहमी कापसाच्या बोळ्यावर मारून दाखवते, आवाज ऐकवते, आणि मग "तीन म्हटल्यावर" असं सांगून तीनलाच मारते, फसवून दोनला नाही. एका नऊ वर्षांच्या मुलाला डोक्यावर चाई (केस गळून पडलेला गोल चट्टा) होती, त्याने तो ओला झालेला बोळा हातात घेऊन भोक कुठेय ते पाच मिनिटं शोधलं आणि मग स्वतःच डोकं पुढे केलं.

चाईचा विषय निघालाच आहे तर, म्हणजे अॅलोपेशिया अरिएटा, तिथेही जेट चालतो, औषध मात्र बरंच पातळ करून. कानशिलाजवळ मी देत नाही, खाली रक्तवाहिनी आणि मज्जातंतू दोन्ही वरवर असतात. चामखिळींना ब्लिओमायसिन जेटने देतात, तळपायाच्या जाड चामखिळीत तर सुई शिरवणं हीच शिक्षा असते, पण ब्लिओमायसिन हे कॅन्सरचं औषध आहे आणि शॉटबरोबर बारीक तुषार उडतात, त्यात चामखिळीचा विषाणूही आला, म्हणून देणाऱ्याने मास्क, गॉगल, ग्लोव्हज घातलेच पाहिजेत. नुसत्या हाताने कुणी करत असेल तर त्याला या औषधाची ओळखच नाही असं समजा. नखांच्या सोरायसिसला पूर्वी जेट बराच वापरायचे, मी सोडून दिलं, नखाच्या मुळाशी रक्त फार उडतं. पिंपल्सच्या खड्ड्यांना गॅसवर चालणाऱ्या यंत्राने पातळ हायलुरॉनिक अॅसिड (चामडीत मुळातच असणारं, पाणी धरून ठेवणारं द्रव्य) मारतात, प्रेशरने खालचे धागे थोडे सुटतात आणि रुंद उथळ खड्डे काहीसे वर येतात, अरुंद खोल खड्ड्यांना मात्र मला फारसा फरक दिसलेला नाही.

तळहाताच्या घामाला बोटॉक्स देतात ते सुईने फार दुखतं, म्हणून आधी बधिर करायचं औषध जेटने देऊन त्या फुगवट्यातून मग सुईने बोटॉक्स द्यायचं ही युक्ती छान आहे. बोटॉक्सच जेटने द्या असा आग्रह काही जण धरतात. मी नाही देत. युनिट मोजून द्यायचं औषध, त्यातलं किती आत गेलं आणि किती चामडीवर राहिलं हेच कळत नसेल तर मोजायचं कसं? आणि चेहऱ्यावर तर प्रश्नच नाही, कपाळावर बोटभर खाली पसरलं की पापणी उतरते.

इथे एक घोटाळा सोडवून पुढे जाऊ. "बिनसुईची मेसोथेरपी" नावाने जे यंत्र चेहऱ्यावर जेल लावून फिरवतात त्यात इंजेक्शन होतच नाही. त्यात वीज वापरून किंवा आवाजाच्या लहरींनी औषध आत ढकलायचा प्रयत्न असतो. चामडीचा सगळ्यात वरचा मेलेला थर जेमतेम १० ते २० मायक्रॉनचा, पण भिंत पक्की, साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं माप) मोठा रेणू तिच्यातून सहजी जात नाही. बोटॉक्सचा रेणू दीड लाख डाल्टनचा, हायलुरॉनिक अॅसिडचे तर दहा-दहा लाखांच्या घरातलेही असतात. तेव्हा अशा यंत्राने "फिलरसारखा रिझल्ट" (फिलर म्हणजे ओठ-गाल भरायला टोचतात ते जेल) देतो म्हणणाऱ्याला एवढाच प्रश्न विचारा की तो रेणू आत गेला कुठून. विजेचा खरा उपयोग आहे तो तळहात-तळपायाच्या घामाला, साध्या नळाच्या पाण्यात हात ठेवून मंद करंट द्यायचा, आयन्टोफोरेसिस म्हणतात, आणि ते चांगलं काम करतं. आणि मायक्रोनीडलिंग म्हणजे सुयाच, फक्त छोट्या.

जंतुसंसर्गाचं मात्र नीट ऐका, कारण बिनसुईचं म्हणजे आपोआप स्वच्छ असं लोकांना वाटतं. ही कल्पना जुनी आहे, १८६६ मध्येच फ्रान्समध्ये असं पाण्याच्या धारेचं यंत्र वैद्यकीय अकादमीपुढे ठेवलं होतं. १९४० च्या दशकात अमेरिकेत डॉक्टर रॉबर्ट हिंगसन यांनी हायपोस्प्रे नावाचं असंच यंत्र पुढे आणलं, मग सैन्यात रांगा लावून याच तंत्राने लसी दिल्या, देवी निर्मूलनाच्या मोहिमेत पायाने दाबायचं यंत्र वापरलं. एकच नोजल, शेकडो माणसं. आणि मग १९८५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात एका वजन कमी करायच्या क्लिनिकमध्ये अशाच यंत्राने इंजेक्शनं घेतलेल्या लोकांमध्ये हिपॅटायटिस बी पसरला. बघा, तेही सौंदर्याच्या नादातलंच क्लिनिक. कारण साधं आहे, शॉट संपताना चामडीवरचं रक्त आणि पाणी उलटं नोजलवर उडतं, थोडं आतही ओढलं जातं, आणि पुढच्या माणसाला तेच मिळतं. अमेरिकन सैन्याने १९९७ मध्ये ती यंत्रं वापरणं बंद केलं. आजकालच्या यंत्रांत पुढचा भाग एकदा वापरून फेकायचा असतो, २०१४ मध्ये अमेरिकेत फ्लूची लस अशा यंत्राने द्यायला परवानगी मिळाली तीही असाच फेकायचा भाग असलेल्या यंत्राला. धातूचं जुनं यंत्र असेल तर प्रत्येक पेशंटनंतर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या गरम वाफेने निर्जंतुक, झालंच पाहिजे, स्पिरिटने पुसून चालत नाही. तुम्ही खुर्चीत बसल्यावर सील तुमच्यासमोर फोडायला सांगा. विचारायला लाजू नका, राग आला तर येऊ दे.

आता बहिणीचं. ओठ भरायचं पेन हेच तंत्र आहे पण काम बरोबर उलटं आहे, तिथे जाडसर जेल एका विशिष्ट थरात, थोडं थोडं, दोन्ही बाजूंना सारखं ठेवायचं असतं. पेनमधून ते जेल फुटून तुकड्या-तुकड्यांनी आत जातं, म्हणून नंतर ओठात दाणे लागतात, एक बाजू वर एक खाली. पण दाणे ही किरकोळ गोष्ट झाली. ओठाला रक्त देणारी धमनी आतल्या पातळ चामडीपासून काही मिलिमीटरवरच असते, तीही प्रत्येकात वेगळ्या जागी. जेल तिच्यात शिरलं किंवा बाहेरून तिला दाबून बसलं तर ओठाचा तुकडा काळा पडू शकतो, आणि चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असल्यामुळे दृष्टी जाण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. सुईने फिलर देतानाही हा धोका असतो, तो नाही असं मी म्हणणार नाही. पण तिथे हळू हळू देता येतं, बोथट टोकाची बारीक नळी, म्हणजे कॅन्युला, वापरता येते, रंग बदलला की थांबता येतं, आणि ते जेल विरघळवणारं हायलुरोनिडेज औषध टेबलावर तयार ठेवलेलं असतं. पेनचा शॉट सुटला की सुटला. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) ऑक्टोबर २०२१ मध्ये अशी पेनं फिलरसाठी वापरू नका असा स्पष्ट इशारा दिला, त्यात संसर्ग, गाठी, रक्तवाहिनी बंद होणं, अंधत्व, पक्षाघात सगळं नावानिशी सांगितलंय. त्यांच्याकडे मंजूर असलेले फिलरसुद्धा २२ वर्षं आणि वरच्या वयासाठी, लायसन्स असलेल्या व्यावसायिकाने सुई किंवा कॅन्युलाने द्यायचे, असेच आहेत. पेनबरोबर ऑनलाइन मिळणाऱ्या बाटलीत नक्की काय आहे आणि ते निर्जंतुक आहे का, हे पार्लरवालीलाही माहीत नसतं.

आणि हे वाचेपर्यंत तिने करून घेतलंच असेल तर तिला रागवत बसू नका, बघत राहा. ओठ किंवा आजूबाजूची जागा पांढरीफटक पडली, जांभळी जाळी दिसायला लागली, सुजेच्या मानाने दुखणं फारच जास्त असलं, तर त्याच तासाला फिलर देणाऱ्या डॉक्टरकडे किंवा हॉस्पिटलमध्ये न्या, बर्फ लावून सकाळची वाट बघायची नाही. एका डोळ्याने धूसर दिसलं, डोळा दुखला, बोलताना जीभ अडखळली तर थेट इमर्जन्सी, तिथे मिनिटं मोजायची असतात.

तुमच्यासाठी. चक्कर येते हे डॉक्टरांना यंत्र हातात घ्यायच्या आधी सांगा, बसून नाही तर आडवं पडूनच घ्यायचं. मांड्या, पोट, दंड दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, मग सैल सोडायचे, असं चार-पाच वेळा, त्याने बीपी पडत नाही आणि ही सवय घरी आठवडाभर आधीपासून करता येते. बधिर करायची क्रीम वर प्लास्टिक लावून तासभर ठेवली तर चामडीला थोडा फायदा होतो, जाड गाठीच्या आत ती पोचत नाही, तेवढीच अपेक्षा ठेवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, दिवस गेलेले असतील, केलॉइडवर पू झालेला पिंपल असेल तर आधी बोला. पहिल्या दिवशी सगळा केलॉइड करून घेऊ नका, दोनच शॉट घ्या, एका टोकाला, आणि घरी जा. दुसऱ्या दिवशी थोडं लाल, थोडं निळं, हाताला दुखरं एवढं चालतं. महिन्याने ते टोक दुसऱ्या टोकापेक्षा मऊ लागतंय का, खाज कमी झाली का, हे स्वतः बोटाने दाबून बघा, आणि लागत असेल तर बाकीच्याला हो म्हणा.